कलेजीच्या पेशी, सीरम आणि चोवीस खळग्यांची प्लेट

टिश्यू कल्चर म्हटलं की आमच्याकडे लोकांना केळीची रोपं आठवतात. पालकसभेत एका शेतकरी पालकाने मला विचारलंच, "मॅडम, लिव्हरचंबी रोप होते काय आता?" रोप होत नाही, पण पेशी वाढतात. प्लास्टिकच्या तळाला चिकटून, गुलाबी पाण्याखाली, 37 अंशांवर. त्या वाढाव्यात म्हणून माध्यमात, म्हणजे त्या गुलाबी पाण्यात, दहा टक्के सीरम घालायचं असतं; रक्त गोठल्यावर सुटणारं पाणी ते सीरम. का घालायचं, असं विचारलं की एमएस्सीची मुलंही "न्यूट्रिशनसाठी" म्हणून मोकळी होतात.

साखर, अमिनो आम्लं, जीवनसत्त्वं, क्षार हे सगळं माध्यमात आधीच असतं. सीरममधून मुख्यतः निरोप येतात: वाढ, थांब, तळाला धरून राहा. एकाच बाटलीत वाढवणारे आणि रोखणारे असे दोन्ही निरोप असतात, आणि कोणता निरोप काय करतो हे सीरम काढून घेतल्याशिवाय कळत नाही. वर्धा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावात, कामचलाऊ प्रयोगशाळेत आम्ही हा प्रयोग गेली काही वर्षं मुलांकडून करून घेतो. त्याची रीत इथे सविस्तर देते.

रक्तातून निरोप जातो हे कळलं कसं

1931 मध्ये हिगिन्स आणि अँडरसन यांनी मोठ्या पांढऱ्या उंदराच्या यकृताचा सुमारे दोन-तृतीयांश भाग काढून टाकला. आठ-दहा दिवसांत यकृत जवळजवळ मूळ वजनाला आलं. कापलेले खंड पुन्हा फुटले नाहीत, उरलेले फुगले. आता प्रश्न असा, की उरलेल्या पेशींना "वाढा" हे सांगितलं कुणी? 1967 मध्ये मूल्टन आणि बुकर यांनी दोन उंदरांचं रक्ताभिसरण जोडून बघितलं. एकाचं यकृत कापलेलं, दुसऱ्याचं शाबूत. शाबूत यकृतातल्या पेशींनीही डीएनएच्या प्रती काढायला सुरुवात केली. म्हणजे निरोप रक्तातूनच जातो.

मग 1984 मध्ये जपानमध्ये नाकामुरा यांच्या गटाने आणि अमेरिकेत मिखालोपुलोस यांच्या गटाने स्वतंत्रपणे हाच निरोप सीरममध्ये शोधला. हाताशी होत्या त्या बशीत वाढवलेल्या यकृतपेशी. त्या पदार्थाला पुढे हेपॅटोसाइट ग्रोथ फॅक्टर हे नाव पडलं, एचजीएफ. 1989 मध्ये त्याचं जनुक हाती आलं. तो रक्तबिंबिकांमध्येही सापडतो, आणि ही गोष्ट आपल्या प्रयोगात पुढे कामाला येते.

बाकी मंडळी थोडक्यात. इन्शुलिन स्वादुपिंडातून निघून थेट यकृताकडे जातं. ते एकटं फारसं वाढवत नाही, पण त्याच्याशिवाय इतरांचं चालत नाही. ईजीएफ, म्हणजे एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर, यकृतपेशींना विभाजनाकडे ढकलतो. थायरॉइडचं टी-3 आणि स्टेरॉइड संप्रेरकं सूर लावतात. व्हिट्रोनेक्टिन आणि फायब्रोनेक्टिन ही प्रथिनं पेशींना तळाला चिकटवतात. आणि टीजीएफ-बीटा हा निरोप सामान्य यकृतपेशीला थांबवतो. तोही रक्तबिंबिकांत भरपूर असतो, पण सीरममध्ये बराचसा कुलूपबंद असतो. आम्ल किंवा उष्णता लागली की कुलूप उघडतं.

पेशी कोणत्या घ्यायच्या

उंदराचं यकृत कोलॅजिनेज या पेशी सुटवणाऱ्या विकराने (एन्झाइमने) धुऊन ताज्या पेशी मोकळ्या करायची पद्धत 1969 पासून आहे, बेरी आणि फ्रेंड यांची. मात्र त्यासाठी प्राणिगृह लागतं, नैतिक समितीची परवानगी लागते आणि हातही तयार लागतो. शिवाय या पेशी काही दिवसांतच स्वतःची ओळख विसरायला लागतात. मुलांच्या प्रयोगाला हेप-जी-टू ही पेशीमालिका बरी. 1970 च्या दशकात अर्जेंटिनातल्या एका मुलाच्या यकृताच्या गाठीतून ती निघाली. अल्ब्युमिन हे यकृताचं खास प्रथिन बनवते, चिवट आहे, बेटाबेटांनी वाढते. पण ती गाठीची पेशी आहे हे प्रयोगाच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा. शेवटी ते आडवं येणार आहे.

पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातून पेशी मागवता येतात. कुरिअरवर माझा भरवसा नाही. आम्ही डिसेंबरात महाराष्ट्र एक्सप्रेसने जाऊन आणतो. फ्लास्क माध्यमाने गळ्यापर्यंत भरलेला, झाकण घट्ट, वर पॅराफिल्म, थर्माकोलच्या डब्यात उभा. बर्फ ठेवायचा नाही. गाडीत शेजारच्या बाईंनी "कशाचं औषध हो?" विचारलं, तर औषधच म्हणून टाकलं.

आमच्या हवेतल्या तीन अडचणी

पुस्तकांत हे भाग नसतात, म्हणून जरा थांबते.

पहिली गोष्ट, इन्क्युबेटर. साधा इन्क्युबेटर फक्त तापवतो, गार करत नाही. खोलीचं तापमान त्याच्या आकड्यापेक्षा चार-पाच अंशांनी कमी असेल तरच तो 37 धरून ठेवतो. आमच्याकडे मे महिन्यात बाहेर 45-46 असतं. एका सोमवारी दार उघडलं तर काट्यावर 41, आणि माध्यमात तरंगणाऱ्या पेशींचा नुसता गाळ. तेव्हापासून प्रयोग नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच.

दुसरी, कूलर. वाळ्याच्या ओल्या ताट्या म्हणजे बुरशीचं माहेरघर. ज्या खोलीत पेशी हाताळायच्या त्या खोलीत कूलर नको, शेजारच्या खोलीतही नको. हिवाळ्यात काम करण्याचं हे दुसरं कारण.

तिसरी, वीज. गेली तर इन्क्युबेटरचं दार उघडायचं नाही, एवढा एकच नियम. बंद दाराआड ऊब बराच वेळ टिकते. "बघू तरी किती झालं" म्हणून उघडलं की गेली. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर नागपूरहून यायला आठवडा लागतो, म्हणून एक भरलेला नेहमी शिलकीत. कार्बन डायऑक्साइडचा इन्क्युबेटरच नसेल तर एल-15 माध्यम वापरा. ते साध्या हवेत, झाकण घट्ट लावून चालतं. पण मग सगळा प्रयोग त्याच माध्यमात करायचा, मध्येच बदलायचं नाही.

कॉलेजात जो आडव्या हवेचा लॅमिनार असतो, त्यात हवा काम करणाऱ्याच्या तोंडावर येते. केळीच्या रोपांना तो ठीक आहे. माणसाच्या पेशींना उभ्या हवेची, दुसऱ्या वर्गाची जैवसुरक्षा कॅबिनेटच हवी.

सीरमची बाटली

गर्भस्थ वासराचं सीरम, म्हणजे एफबीएस. ते गाभण गायी कापल्यानंतर गर्भातल्या वासराच्या रक्तातून मिळतं. मुलांना हे प्रयोगाच्या आधी सांगा. आमच्याकडे दोन मुलींनी ऐकून घेतलं आणि मोजणीचं काम मागून घेतलं, बाटलीला हात लावला नाही. त्यांच्या मोजण्या सगळ्यांत नीट निघाल्या.

बाटलीवरचा लॉट नंबर वहीत उतरवा. पूर्ण प्रयोग एकाच लॉटवर. एका वर्षी 48 तासांच्या वाचनानंतर बाटली संपली, दुसऱ्या लॉटची उघडली आणि 96 तासांचा आलेख असा काही उलटा झाला की दोन आठवडे वाया गेले. सीरम फ्रिजमध्ये रात्रभर वितळू द्या, 50 मिलीच्या नळ्यांत वाटून उणे 20 वर ठेवा, पुन्हा पुन्हा गोठवू-वितळवू नका. तळाशी पांढरी तूस दिसली तर बहुधा फायब्रिन असतं, घाबरायचं कारण नाही. 56 अंशांवर 30 मिनिटं ठेवलं तर कॉम्प्लिमेंट, म्हणजे पेशींना मारू शकणारी रक्तातली प्रथिनं, निकामी होतो. वाढीच्या निरोपांपैकी बरेचसे त्यातून तगतात. आमच्या प्रयोगाला ही पायरी लागत नाही.

प्लेट मांडणे

चोवीस खळग्यांच्या दोन प्लेटी घ्या. दर खळग्यात 1 मिली माध्यमात 50,000 पेशी, 10 टक्के सीरमसह. हेप-जी-टूच्या गुठळ्या होतात, म्हणून ट्रिप्सिननंतर (पेशी तळापासून सोडवणारं विकर) बारीक टोकाच्या पिपेटने दहा-बारा वेळा वर-खाली करा. गुठळी राहिली की एका खळग्यात जास्त आणि दुसऱ्यात कमी पेशी पडतात, आणि मग सीरमला दोष देत बसायचं.

24 तास चिकटू द्या. मग माध्यम काढून कोमट पीबीएसने, म्हणजे फॉस्फेट घातलेल्या मिठाच्या पाण्याने, दोनदा धुवा. कोमट म्हणजे 37 अंशांचं. फ्रिजमधलं थंड पीबीएस टाकल्यावर एक विद्यार्थी ओरडला होता, "मॅडम, ह्या काऊन उचलून येऊन रायल्या?" बेटंच्या बेटं सुटून वर आली होती. पीबीएस भिंतीवरून सोडायचं, पेशींवर धार नको.

धुतल्यावर 0.5 टक्के सीरममध्ये 24 तास उपाशी ठेवा. विभाजनात पुढे मागे असलेल्या पेशी त्यामुळे बऱ्याचशा एका रांगेत येतात. गाठीच्या पेशी पूर्ण थांबत नाहीत, नुसत्या मंदावतात.

आता सहा नळ्या. इथे एक खोच आहे, ती चुकली तर प्रयोग फसतो. 20 टक्के सीरम घातलं की माध्यम 80 टक्केच उरतं, म्हणजे साखर आणि अमिनो आम्लंही कमी होतात. म्हणून प्रत्येक नळीत माध्यम सारखंच ठेवा, 8 मिली. उरलेल्या 2 मिलीत सीरम आणि पीबीएस यांचं प्रमाण बदला. 20 टक्क्यांना 2 मिली सीरम. 10 टक्क्यांना 1 मिली सीरम आणि 1 मिली पीबीएस. 5 टक्क्यांना अर्धा आणि दीड. 2 टक्क्यांना 0.2 आणि 1.8; अर्ध्या टक्क्याला 0.05 आणि 1.95, शून्याला नुसतं 2 मिली पीबीएस.

प्रत्येक नळीचे तीन खळगे, म्हणजे प्लेटीत अठरा. पहिल्या प्लेटीत उरलेल्या सहांपैकी तीन खळगे सीरम घालायच्या क्षणीच मोजून टाका. ही शून्य तासाची मोजणी नसेल तर पुढचे सगळे आकडे अधांतरी. पहिली प्लेट 48 तासांनी मोजा. त्याच वेळी दुसरीतलं माध्यम बदला आणि ती 96 तासांनी मोजा.

मोजणी

खळग्यात 200 मायक्रोलिटर ट्रिप्सिन, पेशी सुटल्या की 300 मायक्रोलिटर सीरमचं माध्यम. सीरममधला अँटिट्रिप्सिन ट्रिप्सिनला थांबवतो. शून्य सीरमचं कल्चर पुढे चालवायचं असेल तर ही युक्ती चालत नाही, तिथे सोयाबीनपासून काढलेला ट्रिप्सिन-रोधक वापरतात. कच्चं सोयाबीन खाल्लं की पोट बिघडतं, त्यातला एक गुन्हेगार हाच. आमच्या मुलांना हे एकदा सांगितलं की कधी विसरत नाहीत.

50 मायक्रोलिटर पेशी, 50 मायक्रोलिटर ट्रिपॅन ब्लू. निळ्या त्या मेल्या, चकाकत्या त्या जिवंत. मोजणीच्या काचेवर चार कोपऱ्यांचे मोठे चौकोन मोजा. समजा 21, 18, 24 आणि 17 आल्या. बेरीज 80, सरासरी 20. दोन पट पातळ केलंय म्हणून 40, गुणिले 10,000, म्हणजे मिलीला 4 लाख. आपल्याकडे अर्धा मिली, म्हणजे खळग्यात 2 लाख. शून्य तासाची मोजणी 50,000 होती आणि 96 तास झाले, तर पेशी दोनदा दुप्पट झाल्या; दुपटीचा काळ 48 तास.

शून्य सीरमच्या खळग्यात एकेका चौकोनात सात-आठच पेशी दिसतील. सात-आठवर निष्कर्ष काढू नका. मोजणीतली चूक साधारण मोजलेल्या संख्येच्या वर्गमुळाएवढी असते: शंभर मोजल्या तर दहा इकडे-तिकडे, नऊ मोजल्या तर तीन, म्हणजे तिसरा हिस्सा. तेव्हा नऊही चौकोन मोजा, काच पुन्हा भरून पुन्हा मोजा. शंभर होईपर्यंत.

एमटीटी ही रंगावरून पेशी मोजायची चाचणी करू नये असं नाही; झटपट होते आणि रंगही छान येतो. पण एमटीटी पेशींची चयापचयाची लगबग मोजते. इन्शुलिन घातलं की पेशी तेवढ्याच राहूनही रंग गडद येऊ शकतो. निदान एकदा तरी डोळ्यांनी मोजा.

आलेख कसा वाचायचा

शून्यावरही थोडी वाढ दिसेल. हेप-जी-टू स्वतःपुरते काही निरोप स्वतः तयार करते. अर्ध्या टक्क्यापासून पाच-दहा टक्क्यांपर्यंत रेघ चढते आणि पुढे आडवी होते. 20 टक्क्यांना 10 च्या दुप्पट वाढ मिळत नाही. सीरम नुसतं अन्न असतं तर जास्त घातल्यावर जास्त काळ चढ दिसला असता. आडवी रेघ दोन गोष्टींमुळे येऊ शकते: पेशीवरचे ग्राहक (निरोप धरणारे रिसेप्टर) भरले, किंवा रोखणारे निरोपही त्याच प्रमाणात वाढले. प्लेट दाट झाली असेल तर तिसरं कारण, पेशी एकमेकींना टेकल्या. म्हणून 96 तासांनी मोजायच्या आधी सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक खळगा बघून "मोकळा", "अर्धा", "गच्च" असं लिहा. गच्च खळग्याचा आकडा सीरमविषयी काही सांगत नाही.

आणि एक सावधगिरी. सीरमने पेशी वाढतात म्हणजे त्या चांगल्या यकृतपेशी राहतात असं नाही. पऱ्हाटीला युरिया जास्त झाला की ती माजते, डोक्याएवढी होते, पण बोंडं धरत नाही. ताज्या यकृतपेशींचं असंच होतं: सीरमच्या माध्यमात त्या पसरतात, त्यांच्यात मिसळलेल्या तंतुजनक पेशी तर जोरात वाढतात, आणि अल्ब्युमिनसारखं खास काम मागे पडतं. म्हणून ताज्या यकृतपेशींना आधी चिकटायला थोडा वेळ सीरम देतात आणि मग सीरमविरहित माध्यमात इन्शुलिन, डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आणि ईजीएफ यांवर ठेवतात.

दुसरी फेरी: निरोप वेगळे करणे

पहिली फेरी नीट जमली असेल तरच इकडे वळा. सीरममधून काही वजा करायचं, मग एकेक परत घालून बघायचं.

डायलिसिसच्या नळीत, 12 ते 14 हजार डाल्टनच्या (म्हणजे त्याहून हलके रेणू बाहेर सोडणाऱ्या), सीरम भरून मिठाच्या पाण्यात दोन दिवस थंडीत ठेवलं की लहान रेणू निघून जातात. इन्शुलिन आणि ईजीएफ सुमारे सहा हजारांचे, ते गळतात. टीजीएफ-बीटा आणि एचजीएफ मोठे, ते राहतात. सक्रिय कोळशाने ढवळलं तर स्टेरॉइड आणि थायरॉइड संप्रेरकं कोळसा ओढून घेतो. दोन्ही सीरम 0.22 मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून घ्या आणि त्याच टक्क्यांवर मूळ सीरमशेजारी लावा.

परत घालायला सगळ्यांत स्वस्त म्हणजे इन्शुलिन. साध्या, रेग्युलर मानवी इन्शुलिनची 40 युनिट प्रति मिलीची बाटली चालते. दुधाळ दिसणारी किंवा मिश्र नको. त्यात मिलीला सुमारे 1.4 मिलिग्रॅम इन्शुलिन असतं. 10 मिली माध्यमाला 36 मायक्रोलिटर घातलं की 5 मायक्रोग्रॅम प्रति मिली होतं. हे उपाशीपोटी रक्तात असतं त्याच्या हजारो पट आहे, आणि एवढ्या मात्रेत ते आयजीएफ-1 या वाढीच्या दुसऱ्या निरोपाच्या ग्राहकालाही चिकटतं. म्हणून "इन्शुलिनने वाढ झाली" असं वहीत लिहू नका, "या मात्रेच्या इन्शुलिनने" असं लिहा. ईजीएफ 10 ते 20 नॅनोग्रॅम प्रति मिली.

एचजीएफ महाग आहे. आम्ही एकदाच घेतला, 20 नॅनोग्रॅम प्रति मिली. मुलांची खात्री होती, यकृताच्या वाढीचा निरोप म्हणजे पेशी धो-धो वाढणार. त्या कमी झाल्या. पुन्हा केलं, पुन्हा कमी. इथे ते वहीच्या पहिल्या पानावरचं वाक्य उपयोगी पडतं. सामान्य यकृतपेशीला वाढवणारा एचजीएफ हेप-जी-टूला रोखतो. हे आमचं नवं संशोधन मुळीच नाही, माहीत असलेली गोष्ट आहे, पण मुलांना ती पुस्तकाआधी प्लेटीने सांगितली.

रक्तबिंबिकांचा प्रयोग, बोकडाच्या रक्तावर

सीरम रक्त गोठल्यावर सुटतं, आणि गोठताना रक्तबिंबिका आपल्या पोतड्या रिकाम्या करतात. मग प्लाझ्मा, म्हणजे न गोठलेल्या रक्तातला द्रव, आणि सीरम यांत फरक दिसायला हवा. रविवारी सकाळी मटणाच्या दुकानात आधी सांगून दोन नळ्या न्यायच्या, एक कोरडी, एक रक्त गोठू न देणाऱ्या सायट्रेटची. हातमोजे घालूनच, बोकडाच्या रक्तातून ब्रुसेलोसिस होऊ शकतो. कोरडीतलं रक्त तासभर गोठू द्या, मग थंडीत ठेवा, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून सीरम काढा. सायट्रेटचं रक्त दोनदा फिरवा, दुसऱ्यांदा जोरात, म्हणजे रक्तबिंबिका खाली बसतात.

हा प्लाझ्मा तसाच माध्यमात टाकलात तर माध्यमातल्या कॅल्शियममुळे प्लेटीतच दही होईल. आमचं झालंय. आधी त्यात वेगळं कॅल्शियम घालून गोठवा, गुठळी फिरवून काढा, मगच गाळून वापरा. आता दोन्ही द्रव "सीरम"च आहेत, पण एकात रक्तबिंबिकांचा माल आहे, दुसऱ्यात नाही. 5 टक्क्यांवर शेजारी-शेजारी लावा. बोकड बदलला की आकडे बदलतात, म्हणून तीन रविवार तरी करा.

पेशी ठेवून देणे

फेब्रुवारीच्या शेवटी सगळं आवरायचं. वापरलेलं माध्यम आणि प्लेटी ऑटोक्लेव्ह करूनच टाका. मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जिवाणूची तपासणी एकदा करून घ्या. तो डोळ्यांना दिसत नाही, माध्यम गढूळ करत नाही, आणि वाढीचे सगळे आकडे गुपचूप बिघडवतो. मग पेशी गोठताना फुटू नयेत म्हणून 10 टक्के डीएमएसओमध्ये, मिनिटाला साधारण एक अंश अशा गतीने उणे 80 पर्यंत नेऊन द्रव नायट्रोजनमध्ये ठेवा.

नायट्रोजन नागपूरहून आणायची गरज पडली नाही. आमच्या प्रयोगशाळेतले काका म्हणाले, "मॅडम, गाय भरवाले जो डॉक्टर येते, त्याच्याजवळ काय असते मंग?" खरंच, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गोठीत रेतमात्रांसाठी उणे 196 अंशांचा हाच द्रव असतो. तिथल्या साहेबांना रीतसर पत्र दिलं आणि त्यांच्या पुरवठ्यासोबत आमचंही छोटं कंटेनर भरून मिळू लागलं. भरायला दिलं की दिवसभर ते त्यांच्या कंटेनरांच्या रांगेत उभं असतं, दिसायला हुबेहूब तसंच. म्हणून काकांनी त्यावर तैलरंगाने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय: "यात वळू नाही, कलेजी आहे. गायीसाठी वापरू नये."